'चेअर टू सिट' की 'चेअर टू सिट ऑन'?

प्रश्न : 'मला बसायला खुर्ची द्या' याचं इंग्रजी मी 'गिव्ह मी अ चेअर टू सिट' असं केलं, तर शेवटी 'ऑन' हवा म्हणून ते खोडलं गेलं. मराठीत 'खुर्चीवर बसायला खुर्ची' असं कोणी म्हणत नाही. मग इंग्रजीला तो 'ऑन' का लागतो? आणि वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन (नामाआधी येणारा 'ऑन', 'इन', 'विथ'सारखा शब्द) ठेवू नये, असं शिकवतात त्याचं काय करायचं?

उत्तर : 'ऑन' हवाच. मराठीतल्या '-आयला' रूपात बरंच काही लपतं, घोळ तिथे आहे. 'लिहायला' हा एकच शब्द घ्या. लिहायला पेन, लिहायला कागद, लिहायला विषय, लिहायला निबंध. चारही ठिकाणी 'लिहायला' जसंच्या तसं राहतं. पेनानं लिहायचं, कागदावर लिहायचं, विषयाबद्दल लिहायचं आणि निबंध तर स्वतःच लिहायचा, हे ऐकणारा आपल्या अकलेनं लावून घेतो. इंग्रजी ते त्याच्यावर सोपवत नाही. तिथे 'अ पेन टू राइट विथ', 'पेपर टू राइट ऑन', 'अ टॉपिक टू राइट अबाउट', आणि निबंधाला मात्र नुसतं 'ॲन एसे टू राइट'. निबंध हे 'राइट'चं थेट कर्म आहे, त्यामुळे मध्ये कुणाची गरज नाही.

प्रेपोझिशन लागणार की नाही हे ओळखायला मराठीतच सोय आहे. '-आयला' काढून 'जो-तो'चं वाक्य करा. ज्यावर बसायचं ती खुर्ची, ज्यानं लिहायचं ते पेन, ज्याच्याशी खेळायचं तो मित्र. लपलेला 'वर', 'नं', 'शी' लगेच बाहेर येतो. तो आला की इंग्रजीतही काहीतरी हवं, असं समजून चालावं. निबंधाला 'जो लिहायचा तो', म्हणजे काहीच बाहेर येत नाही.

शेवटचा शब्द गाळला की वाक्य दर वेळी चुकतंच असंही नाही. कधी ते बरोबरच राहतं, अर्थ मात्र पालटतो, आणि ते जास्त अडचणीचं. 'बोलायला कुणीतरी हवं' हे मराठीत सभेच्या आयोजकालाही म्हणता येतं आणि एकट्या पडलेल्या माणसालाही. इंग्रजीत आयोजक 'वुई नीड समवन टू टॉक' म्हणेल, एकटा माणूस 'आय नीड समवन टू टॉक टू' म्हणेल. पहिल्यात तो 'समवन' बोलणारा आहे, दुसऱ्यात ऐकणारा.

शंका : 'जो-तो'ची युक्ती सगळीकडे चालत नाही. 'ज्याच्याशी लग्न करायचं तो माणूस' यात 'शी' आहे, पण 'अ मॅन टू मॅरी विथ' चूक आहे.

उत्तर : मान्य. 'ज्यावर चर्चा करायची तो विषय' याचंही 'अ टॉपिक टू डिस्कस' एवढंच होतं, 'डिस्कस अबाउट' नाही. 'ज्यात शिरायचं ती खोली' हीसुद्धा 'अ रूम टू एंटर'. मॅरी, डिस्कस, एंटर ही क्रियापदं थेट कर्म घेतात, आपली तशी घेत नाहीत. उलट बाजूनं 'ज्याची वाट पाहायची ती बस' यात नुसती षष्ठी आहे, पण इंग्रजीला 'फॉर' लागतो, 'अ बस टू वेट फॉर'. तेव्हा ही युक्ती धोक्याची घंटा म्हणून वापरा. नेमका शब्द कोणता, हे शेवटी त्या क्रियापदाबरोबरच पाठ करावं लागतं.

आणखी एक सूट आहे. नाम 'प्लेस', 'टाइम' किंवा 'वे' असेल तर प्रेपोझिशन सर्रास गळतं. 'अ प्लेस टू लिव्ह' चालतं, पण 'अ हाउस टू लिव्ह' चालत नाही, तिथे 'लिव्ह इन' लागतं.

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको, हा नियम मला तरी ओझंच वाटतो. १६७२ मध्ये इंग्रजी कवी ड्रायडननं आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या लेखनातली अशी वाक्यं चुकीची ठरवली, आणि पुढे शाळामास्तरांनी ते डोक्यावर घेतलं. लोक तेव्हाही तसंच बोलत होते, आजही बोलतात. फार औपचारिक लिहायचं असेल तर 'अ चेअर ऑन विच टू सिट' करता येतं. फक्त 'अ चेअर विच टू सिट ऑन' असं अर्धवट करू नका, ते कुठेच बसत नाही.

शंका : मग 'समवन टू लुक अप टू' यात शेवटी दोन शब्द कसे? दोन्ही प्रेपोझिशनच का?

उत्तर : नाही. 'अप' इथे क्रियाविशेषण आहे आणि ते 'लुक'ला घट्ट चिकटलंय, तिघं मिळून अर्थ 'आदर बाळगणे'. प्रेपोझिशन फक्त शेवटचा 'टू'. त्यामुळे औपचारिक करायला गेलात तर 'टू हूम' पुढे आणता येईल, 'अप टू हूम' नाही. 'पुट अप विथ'ची अशी ओढाताण करून केलेलं 'अप विथ विच आय विल नॉट पुट' हे वाक्य विनोद म्हणून फिरतं. ते चर्चिलच्या नावावर खपवतात, पण त्याचंच असल्याचा पुरावा नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला 'इट' मध्ये घालून बघा. 'लुक इट अप' होतं, 'लुक अप इट' होत नाही, म्हणजे शब्दकोशात शोधण्याच्या अर्थी 'अप' क्रियाविशेषण. 'सिट ऑन इट' होतं, 'सिट इट ऑन' होत नाही, म्हणजे 'ऑन' प्रेपोझिशन. म्हणून 'अ वर्ड टू लुक अप' याच्या शेवटी अव्यय दिसत असलं तरी ते खुर्चीच्या 'ऑन'सारखं नव्हे. 'वर्ड' हे तिथे थेट कर्म आहे आणि 'अप' क्रियापदाचाच तुकडा.

'द वॉटर इज टू कोल्ड टू स्विम इन' हे वाक्यही लक्षात ठेवण्यासारखं आहे. देवनागरीत दोन्ही 'टू' सारखे दिसतात, पण पहिला 'फारच' या अर्थाचा आणि दुसरा इन्फिनिटिव्हचा, म्हणजे 'टू स्विम'सारख्या क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा. शेवटचा 'इन' आपल्याकडून हमखास राहतो, कारण मराठीत 'पोहायला पाणी फार गार आहे' म्हटलं की काम भागतं.

शंका : इन्फिनिटिव्हचा 'टू' आणि प्रेपोझिशन 'टू' मुळात वेगळे आहेत का? 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' का चालत नाही?

उत्तर : मूळ एकच. जुन्या इंग्रजीत 'टू' हे 'कडे' या अर्थाचं प्रेपोझिशन होतं आणि त्यापुढे क्रियापदाचं चतुर्थीतलं नामरूप यायचं. आपलं 'करायला' तसंच आहे, 'करावया'ला लागलेला 'स-ला-ते'मधला 'ला'. पुढे इंग्रजीत ते प्रत्यय झिजले आणि 'टू' क्रियापदाची खूण म्हणून उरला. पण जुना 'टू'ही शाबूत आहे, म्हणून घोटाळा होतो. नंतर नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द मीटिंग' चालतं, म्हणजे तो प्रेपोझिशन आहे आणि त्यापुढे 'मीटिंग यू'च येणार. 'होप टू द मीटिंग' चालत नाही, म्हणून तिथे 'होप टू मीट यू'. 'आय यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे पूर्वी चालवायचो, आणि 'आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग' म्हणजे चालवायची सवय आहे.

शंका : 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये म्हणतात, तेही ओझंच का?

उत्तर : बहुतांशी. 'ही डिसायडेड क्विकली टू रिप्लाय' यात निर्णय झटकन घेतला की उत्तर झटकन द्यायचं ठरवलं, कळत नाही. 'टू क्विकली रिप्लाय' केलं की शंकाच उरत नाही. 'वुई एक्स्पेक्ट टू मोर दॅन डबल सेल्स' यातला 'मोर दॅन' तर दुसरीकडे हलवताच येत नाही. अर्जात किंवा परीक्षेत तपासणारा जुन्या वळणाचा असेल असं वाटलं, तर 'टू रिप्लाय क्विकली' लिहा, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही.