रॉजर लिव्झी बेटावर गेलाच नव्हता

कुणीतरी लिहिलंय की 'आय नो व्हेअर आय ॲम गोइंग' या जुन्या ब्रिटिश सिनेमाचा नायक त्यातल्या स्कॉटिश बेटाच्या मातीतलाच वाटतो. वाटतो खरा, आणि पॉवेल-प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीची खरी करामत तीच आहे, कारण नायकाचं काम करणारा रॉजर लिव्झी शूटिंगसाठी तिथे फिरकलाच नव्हता! १९४४ साली लंडनमध्ये त्याचं नाटक चालू होतं, ते सोडून जाणं शक्य नव्हतं. मग मल या त्या बेटावरच्या सगळ्या लाँग शॉट्समध्ये त्याच्याजागी बदली नट वापरला, आणि क्लोजअप इंग्लंडमधल्या डेनमच्या स्टुडिओत घेतले. एर्विन हिलियरच्या कॅमेऱ्याने हे दोन तुकडे असे काही सांधलेत की शोधूनही जोड सापडत नाही. पुढच्या वेळी बघाल तेव्हा तो लांबून चालत येतो तिथे चेहरा शोधून बघा, दिसणारच नाही.

बाकी सिनेमात दिसणाऱ्या कॉरीव्रेकनच्या समुद्री भोवऱ्याबद्दल सगळेच लिहितायत, पण मला जास्त आवडतो तो त्यातला धबधब्याला खेटून उभा असलेला फोनबूथ. पाण्याच्या आवाजात पलीकडचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तो मात्र सेट नव्हे. मलवर कारसेगला तो बूथ खरोखरच आहे.