एचआरटी सुरू करू की नको? जेल आणि कॅप्सूल बारा दिवस कपाटात पडून आहेत

काउंटर_नंबर_३
नमस्कार मैत्रिणींनो. बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहायला घेतलंय, लांबण लागणार आहे तर सांभाळून घ्या.

वय ४६, राहते सांगलीत, सहकारी बँकेत कॅश काउंटरला आहे. दीड वर्ष झालं पाळीचं गणित पार बिघडलंय, कधी वीस दिवसांत येते, कधी अडीच महिने पत्ताच नाही आणि आली की दोन दिवस असं अंगावरून जातं की खुर्चीवरून उठताना आधी मागे बघायचं. पण तेवढंच असतं ना तर निभावलं असतं. या वाफांनी जीव नकोसा केलाय. मार्चएंडला काउंटरसमोर ही रांग, नोटा मोजतेय आणि मानेपासून जी गरम वाफ उठली ती थेट टाळूपर्यंत, एकच बंडल तीनदा मोजलं तरी आकडा जुळेना आणि कपाळावरचा घाम टपकन समोरच्या आजोबांच्या स्लिपवर पडला, नेमका सहीवर. शाई फुटली. आजोबा म्हणाले, "बरं वाटत न्हाई का पोरी, पाणी पी की जरा." मला तिथंच काचेच्या आत रडू आलं.

रात्री तीनला जाग येते ती येतेच. गाऊन भिजलेला, खिडकी उघडून बसायचं, मग नवऱ्याला थंडी वाजते म्हणून तो बंद करतो, मग भांडण. पोरगं बारावीला आहे. परवा वरणात मीठ कमी आहे म्हणाला तर मी ताट उचलून ओट्यावर आपटलं. ही मी नाहीच हो.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल लावला, मुलं झाली ना, पिशवी काढून टाकू, कटकटच मिटेल. मी तिथून पळ काढला. मग मिरजेला दुसऱ्या मॅडमकडे गेले, त्यांनी नीट ऐकून घेतलं, सोनोग्राफी केली, बीपी बघितलं, थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन मात्र ९.६. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एचआरटी लिहून दिली, म्हणजे पाळी जाताना कमी होणारे बायकांचे हार्मोन औषधातून द्यायचे, इस्ट्रोजेनचं जेल रोज आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल महिन्यातल्या चौदा रात्री. मॅमोग्राफी करून मगच सुरू करा म्हणाल्या, तीही केली, रिपोर्ट स्वच्छ आहे.

मेडिकलवाल्याने कॅप्सूल बघितल्या आणि चार माणसांसमोर म्हणतो, "अरे वा वहिनी, पेढे कधी?" त्याच कॅप्सूल गरोदर बायकांना देतात म्हणे. मी पिशवी घेतली आणि सुट्टे पैसे तसेच टाकून निघाले.

आता अडलंय कुठं, तर माझ्या मावशीला ६६व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, आज ठणठणीत आहे. पण खोक्यातला कागद उघडला तर पहिल्याच पानावर कॅन्सर, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या. नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे हात वर. आई म्हणते आमच्या वेळी कुठं होती असली थेरं, या वयात बाईचं असंच असतं, सोसायचं. कोणी घेतलंय का? घाबरण्यासारखं खरंच आहे का काही?

मोगरा७१
अगं मी ठाण्यात, दोन वर्षं घेतेय. लोकलमध्ये उभ्या उभ्या मला असं व्हायचं, डब्यातल्या बायका पदराने वारा घालायच्या. मी पण तुझ्यासारखीच घोळ घातला, तीन महिने नुसता विचार. शेवटी सुरू केलं तर पंधरा दिवसांत झोप सुधारली, वाफा पूर्ण थांबायला दीड-दोन महिने लागले, म्हणजे आठवड्यात जादू होईल असं धरून बसू नकोस. सुरुवातीला छातीत ठणकायचं आणि मधेच डाग पडायचे, डॉक्टर म्हणाल्या पहिले तीन महिने चालतं, त्यापुढे राहिलं तर दाखवायला ये.

जेल दंडाला किंवा मांडीला लावायचं, छातीला चुकूनही नाही, आणि लावल्यावर वाळू दे, लगेच लेकराला कुशीत घ्यायचं नाही. तुझं तर बारावीचं आहे, ते काय कुशीत येतंय म्हणा.

निसर्गमित्र
ताई, पाळी जाणं हा काय आजार आहे का? निसर्ग जे बंद करतोय ते तुम्ही गोळ्या खाऊन चालू ठेवणार. हा सगळा औषध कंपन्यांचा बाजार. शतावरी, गुळवेल, सकाळी कोमट पाण्यात तूप घ्या, आमच्या घरात तीन पिढ्या कुणाला वाफा माहीत नाहीत.

मोगरा७१
निसर्गमित्र, तुमच्या तीन पिढ्यांतल्या बायकांनी तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. चष्मा लावता का? चाळिशीनंतर नजर कमी होते तोही निसर्गच.

ओपीडीतली_सिस्टर
मी स्त्रीरोगच्या ओपीडीत पंधरा वर्षं सिस्टर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे घे किंवा नको घेऊ हे मी सांगणार नाही, ते तुझ्या मॅडमचं आणि तुझं. पण ही भीती आली कुठून ते ऐक, कारण रोज दहाजणी त्याच भीतीने येतात.

२००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. बातमी झाली की एचआरटीने कॅन्सर होतो, आणि जगभर बायकांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. आता त्यात होतं काय ते बघ. त्या बायकांचं सरासरी वय ६३, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहा-बारा वर्षं झालेली. औषध म्हणजे गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन तोंडावाटे, सोबत जुन्या पद्धतीचं प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनची कृत्रिम नक्कल. आणि ब्रेस्ट कॅन्सर वाढला तो किती, तर वर्षाला दहा हजार बायकांमागे ३० च्या जागी ३८. वाढला हे खरंच आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण तू ४६ ची, तुला कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन दिलंय आणि कॅप्सूल बहुतेक मायक्रोनाइज्ड, म्हणजे शरीरात असतं तशाच प्रोजेस्टेरॉनची असणार, तीच गरोदरपणातही देतात, मेडिकलवाला पेढे मागतो तो त्यामुळेच. गुठळीचा धोका गोळीने वाढतो तसा जेलने वाढल्याचं दिसत नाही, म्हणून बीपीवाल्या, जाड, चाळिशीपुढच्या बायकांना हल्ली जेल किंवा पॅच देतात. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं आणि त्रास खरोखर आहे, दुसरी अडचण नाही, तर फायद्याचं पारडं जड, असं आता मेनोपॉजवाल्या डॉक्टरांच्या संघटनाच सांगतात.

कॅप्सूल कंटाळा आला म्हणून बंद करायची नाही हां. ज्यांची पिशवी आहे त्यांनी नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका. कॅप्सूल ती राखण करते.

दुसरं म्हणजे कुणी तुला एफएसएच (पाळीशी संबंधित हार्मोनची रक्ततपासणी) कर, हार्मोन प्रोफाइल कर म्हणून हजारो रुपये घालवायला लावेल. या काळात तो आकडा आज ८ येईल, पुढच्या महिन्यात ४० येईल. पंचेचाळिशीपुढे लक्षणांवरूनच कळतं. आणि एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे! पाळी अजून येतेय म्हणजे दिवस राहू शकतात. ४७ वर्षांच्या एक बाई आमच्याकडे वाफा म्हणून आल्या आणि निघालं भलतंच, बिचाऱ्या सुनेला काय सांगू म्हणत होत्या.

काउंटर_नंबर_३
सिस्टर, दोनदा वाचलं. गाभण घोडी हे नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो चहा सांडून बसला. पण मावशीचं काय?

लेस्टरकर
मूळची कोल्हापूरची, गेली अठरा वर्षं इंग्लंडात. मावशीचं आहे तसंच मी विचारलं होतं इथल्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, कारण माझ्या आत्याला होता. ती म्हणाली एकच लांबची नातेवाईक, तीही पाळी गेल्यानंतर, तर त्याने दार बंद होत नाही. आई किंवा बहीण, तेही पन्नाशीच्या आत, किंवा घरात दोन-तीन जणींना, असं असेल तर आधी जनुकांची तपासणी आणि स्पेशालिस्ट.

तिने मला ब्रिटिश मेनोपॉज सोसायटीचा एक तक्ता दाखवला तो डोक्यात बसलाय. पन्नाशी ते साठीतल्या हजार बायका घेतल्या तर पाच वर्षांत काहीही न घेता २३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो. दोन्ही हार्मोनवाली एचआरटी घेतली तर आणखी ४. आणि लठ्ठपणा असेल तर आणखी २४! मी तिथल्या तिथं वजनकाट्यावर उभी राहिले. हे आकडे इथल्या बायकांचे आहेत हां, भारतात मुळात प्रमाण कमी आहे, म्हणून जसेच्या तसे लावू नकोस.

इथे तर २०२२ मध्ये जेलचा एवढा तुटवडा पडला की बायका गाड्या काढून गावोगावची फार्मसी धुंडाळत होत्या. २०२३ पासून दोन प्रिस्क्रिप्शनच्या पैशात वर्षभराची एचआरटी मिळते. आणि तुझ्याकडे कपाटात पडलीय.

ओंजळ
मी दुसऱ्या बाजूची. मला स्वतःला ४४व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, त्यामुळे एचआरटी माझ्यासाठी नाहीच आणि टॅमॉक्सिफेनमुळे, म्हणजे त्या कॅन्सरसाठीच्या हार्मोन रोखणाऱ्या गोळीमुळे, वाफा तुझ्यापेक्षा दुप्पट. म्हणून वर सगळं गोड गोड चाललंय त्यात थोडं मीठ टाकते. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांची बेरीज आली होती, पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतले तर पुढच्या वीस वर्षांत दर पन्नास बायकांमागे एक कॅन्सर जास्तीचा. बहुतेक जुनी औषधं होती त्यात, मान्य. पण जितकी वर्षं जास्त तितका धोका जास्त, म्हणून सुरू करताना पुन्हा कधी भेटायचं ते विचारून घे आणि दर वर्षी विचार, अजून लागतंय का. सुरू केलं म्हणजे सात जन्म बांधून घेतलं असं नाही, बंद करता येतं.

आणि ज्यांना जमत नाही त्यांनी नुसतं सोसायचं असंही नाही. मला व्हेन्लाफॅक्सिन दिलंय, मुळात डिप्रेशनचं औषध, कमी डोसमध्ये वाफांना लागू पडतं. त्या जातीची काही औषधं टॅमॉक्सिफेनबरोबर चालत नाहीत, म्हणून मैत्रिणीचं बघून कुणी घेऊ नका. कुणाला गॅबापेन्टिन देतात. पूर्ण गेल्या नाहीत वाफा, पण दिवसाला पंधरा होत्या त्या चार-पाचावर आल्या. तुझ्या मावशीचा आजार तुझ्या रिपोर्टात नाहीये गं. माझ्या रिपोर्टात होता.

काउंटर_नंबर_३
ओंजळ, काय बोलू. तुझी पोस्ट वाचून बराच वेळ तशीच बसले.

गेवराईची_लेक
पिशवी काढू म्हणणाऱ्या डॉक्टरपासून पळालीस ते लाख मोलाचं केलंस. आमच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या ते २०१९ मध्ये पेपरात गाजलं होतं, पाळीत कामावर खाडा पडतो, मुकादम दंड लावतो, मग काढून टाका. माझ्या जावेची चौतिसाव्या वर्षी काढली, सोबत अंडाशयंही. कुणी सांगितलंच नाही की त्याने एका रात्रीत पाळी जाते आणि एवढ्या लहान वयात हार्मोन गेले की हाडं ठिसूळ होतात, हृदयाला पण धोका. खरं तर अशा बायकांना पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यायला पाहिजेत, तिला कॅल्शियमची गोळी सुद्धा दिली नाही. आता पंचेचाळीसची आहे, मोळी उचलताना मनगट मोडलं. ज्यांना गरज आहे त्यांना मिळत नाही आणि शहरातल्या बायका कागद वाचून घाबरतात, तुला नाही म्हणत गं, एकूणच म्हणतेय.

काउंटर_नंबर_३
दोन महिन्यांनी लिहितेय. कपाटातून काढलं शेवटी. मिरजेच्या मॅडमकडे परत गेले, वहीत सहा प्रश्न लिहून, मावशीचं, गुठळीचं, किती वर्षं, मधे रक्त गेलं तर काय, सगळं. त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं आणि तीन महिन्यांनी बोलावलंय, तोवर जमलं नाही तर बंद करू म्हणाल्या. ते बंद करू ऐकल्यावरच मला सुरू करता आलं.

वाफा दिवसाला एखाद-दुसरी. तीनची जाग सातातले पाच दिवस येत नाही. हिमोग्लोबिन १०.८. चिडचिड आहे थोडी, पण ती बारावीच्या निकालापर्यंत राहणारच. आईला सांगितलेलं नाही, जेल मॉइश्चरायझर आहे म्हणून सांगितलंय. मेडिकल मात्र बदललं.

एक विचारायचं होतं. कॅप्सूलच्या चौदा दिवसांत सकाळी डोकं जड, काउंटरला दहापर्यंत पेंग. मी रात्री जेवणाबरोबरच घेते, लक्षात राहतं म्हणून.

ओपीडीतली_सिस्टर
जेवणाबरोबर नको, पोटात अन्न असलं की ती जास्त शोषली जाते. जेवणानंतर दोनेक तास जाऊ दे आणि अगदी अंथरुणावर पडताना घे, तिने झोप येतेच, तिचा उपयोग करून घे. तरी पेंग राहिली तर मॅडमना फोन कर, मनाने कमी करू नकोस.

मोगरा७१
आणि दुपारच्या शिफ्टला काउंटर मागून घे ना त्या चौदा दिवसांत!

काउंटर_नंबर_३
मागितला. साहेब म्हणाले कारण लिहून द्या. सोमवारी देतेय लिहून.