मदत हवी आहे : दातांच्या छायाचित्रांतील फ्लॅशची चमक कशी घालवावी?

नमस्कार. मी कोथरूडमध्ये दंतवैद्यक करते आणि रुग्णांच्या दातांची उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स व तिच्याभोवती बसणारा गोल रिंग फ्लॅश वापरून काढते. ओल्या इनॅमलवर (दाताच्या कठीण बाह्य थरावर) फ्लॅशची पांढरी कडी उमटते आणि नेमके त्याखालीच, ज्यांच्या नोंदीसाठी हा सारा खटाटोप, ते फिकट डाग आणि बारीक चिरा झाकल्या जातात.

फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म (प्रकाशलहरींना एकाच दिशेने कंप पावू देणारी, म्हणजे प्रकाश ध्रुवित करणारी पट्टी) आणि लेन्सवर तिच्याशी काटकोनात फिरवलेला पोलरायझर लावला, तर पृष्ठभागावरून थेट परतणारा ध्रुवित प्रकाश अडतो आणि दाताच्या आत विखुरून ध्रुवीकरण गमावलेला प्रकाश तेवढा कॅमेऱ्यात येतो, हे तत्त्व मला ठाऊक आहे. मात्र दोन्ही थर मिळून एक चतुर्थांशाहूनही कमी प्रकाश उरतो, आणि सगळे दात स्पष्ट येण्यासाठी मला एफ २२ हे लेन्सचे अगदी लहान छिद्र सोडवत नाही. फ्लॅश पूर्ण शक्तीवर ठेवला, तर पुन्हा चार्ज होईपर्यंत रुग्णाला तोंड उघडे ठेवून थांबावे लागते. लहान मुलांकडून अशी अपेक्षा करणे मला बरे वाटत नाही.

अशा वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा, की दोन बाजूंचा ट्विन फ्लॅश घ्यावा? रंग तंतोतंत राखण्यासाठी व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगांचे संतुलन) फिल्म लावूनच करता का? शिवाय कापून वापरता येईल अशी चांगली रेषीय पोलरायझिंग फिल्म पुण्यात, तपकीर गल्लीत किंवा अन्यत्र, कुठे मिळते? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.