उधाणात खेकडे जाळ्यात का येत नाहीत?

प्रश्न: अमावास्येच्या उधाणात खाडीच्या मुखाशी दोन दिवस जाळे टाकले, परंतु आमिष तसेच राहिले आणि दोर मात्र शेवाळाने भरून आला. माझी वेळ चुकली असावी का?

उत्तर १: उधाणात प्रवाह इतका जोराचा असतो की आमिषाच्या वासाने आलेला खेकडाही तेथे टिकत नाही; म्हणून भरती पूर्ण होऊन पाणी थबकते त्या सुमारास जाळे टाकावे, किंवा सरळ अष्टमीच्या भांगाची, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते त्या दिवसांची, वाट पाहावी.

उत्तर २: मोठ्या पावसानंतर खाडीचे पाणी गोडे होऊन खेकडे खाऱ्या पाण्याकडे सरकतात, हेही पाहावे.

उत्तर ३: मिळालेल्या खेकड्याचे कवच दाबून पाहावे, ते लवचीक लागल्यास त्याने नुकतीच कात टाकलेली असते आणि आत मांस थोडेच निघते. अंडी धरलेली मादी अर्थातच सोडून द्यावी.