४० भोकांचा हब, ३२ भोकांची रिम

डर्बीहून:

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या जेवणाच्या यादीत मध्येच सायकल आणतेय, सांभाळून घ्या. शेजारच्या आजोबांनी त्यांची तीन गिअरची जुनी रॅले मला दिली. मागच्या चाकाच्या मधल्या स्टर्मी-आर्चर हबवर (गिअर त्याच्याच आत असतात) ‘एडब्ल्यू’ हे मॉडेलचं नाव आणि ६८, ५ असे आकडे ठोकलेत. स्टीलच्या रिमचं क्रोम उडालंय, पावसात ब्रेक दाबला तरी सायकल आपल्याच नादात पुढे जाते. म्हणून ॲल्युमिनियमची रिम बघितली. ५९० मिलिमीटरच्या मापात मला मिळाली ती ३२ भोकांची. हबला भोकं ४०. दुकानदार म्हणाला, हे जमणार नाही, नवं चाकच घ्या. लेस्टरचे काका, खरंच जमत नाही का हो?

लेस्टरहून:

जमतं. दुकानदाराला त्यात वेळ घालवायचा नसेल, तो त्याचा धंदा.

आकड्यांचा अर्थ मे १९६८. जुन्या इंग्रजी सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे, कारण वजन मागे पडतं. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलींनीही तीच रीत उचलली.

मुख्य गोष्ट ही, की हबची भोकं रिकामी ठेवता येतात, रिमची ठेवू नयेत. हबचा फ्लँज, म्हणजे स्पोक अडकवायची कडेची चकती, दणकट असतो, एखादं भोक मोकळं राहिलं तर त्याचं काही बिघडत नाही. रिमवर मात्र मध्येच अंतर पडलं की तिथे ती सारखी आऊट होते, म्हणजे वाकडी फिरते. म्हणजे तुझी जोडी सरळ बाजूची आहे. ३२ चा हब आणि ४० ची रिम असती तर मीही नाद सोड म्हटलं असतं.

एका फ्लँजला २० भोकं, रिमला त्या बाजूची १६. म्हणून चार भोकं भरायची, पाचवं सोडायचं, असं चार वेळा. सोडायच्या भोकांवर आधीच नेलपॉलिशचा ठिपका दे, नाहीतर अर्ध्यात घोळ होतो. दुसऱ्या बाजूची भोकं समोरासमोर नसतात. उजव्या ठिपक्यातून एक स्पोक ॲक्सलला समांतर सरळ घाल. तो डावीकडे दोन भोकांच्या मधोमध टेकेल. त्यातलं एक सोड, पण चारही वेळा एकाच अंगाचं. चार भरलेल्या भोकांच्या प्रत्येक चौकडीत एक स्पोक आतून, एक बाहेरून, एक पुढे ओढणारा, एक मागे, हे नेहमीसारखंच.

आता लांबी. एका बाजूच्या दोन भोकांत हबवर १८ अंश, रिमवर साडेबावीस. त्यामुळे प्रत्येक स्पोकचा कोन थोडा सरकतो. तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकांना ओलांडतो असं धरून मांडलं तर गंमत अशी, की चौकडीतल्या कडेच्या दोघांना एक लांबी लागते आणि मधल्या दोघांना दुसरी. कडेचे चौकडीकडे झुकत असतील तर हबचं भोक आणि रिमचं भोक यांतला कोन कडेच्यांचा साधारण ६१ आणि मधल्यांचा ७० अंश. फ्लँजची त्रिज्या ३ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर फरक चार मिलिमीटरच्या थोडा वर येतो. कडेचा स्पोक रिकाम्या भोकाकडे झुकत असेल तर तो लांब, चौकडीकडे झुकत असेल तर आखूड. एकूण १६ लांब, १६ आखूड. गिअर हबमध्येच असल्याने दोन्ही बाजू जवळपास सारख्या; राहिलेला अर्धा मिलिमीटर निपलच्या, म्हणजे रिममध्ये स्पोक आवळायच्या छोट्या नटाच्या, आट्यांत जिरतो. चार जिरत नाहीत. एकाच मापाचे घेतलेस तर काही निपलमध्ये जेमतेम धरतील आणि काहींची टोकं ट्यूबमध्ये घुसतील.

फ्लँज दणकट असला तरी पत्र्याचा आणि पातळ आहे. स्पोकची मान त्यात हलत असेल तर डोक्याखाली पितळी वॉशर घाल. आऊट काढताना भोकं विषम दिसतात म्हणून घाबरू नकोस, बोटाने छेडून एका बाजूचे सगळे स्पोक सारखे वाजतात का ते बघ.

रिमचं माप घेतलंस की पाठव, लांब्या काढून देतो.

नॉटिंगहॅमहून:

काकांचं गणित बरोबर आहे, पण एवढा खटाटोप कशाला? एडब्ल्यू हब ३६ भोकांचाही निघायचा. आमच्याकडे जुन्या सायकलींच्या बाजारात तसं मोडकं चाक सहज मिळतं. त्याचं नुसतं कवच घ्या, आतला गिअर आपला बसवा आणि ३६ ची रिम लावा. सगळे स्पोक नेहमीच्या हिशेबाने. फक्त छर्रे असलेली रिंग उघडण्याआधी ती कवचावर कुठे बसली होती त्याची खूण करून ठेवा, तिचे आटे दुहेरी असतात.

लेस्टरहून:

तिच्याकडे ३२ ची रिम आहे, ३६ ची नाही. कवच शोधा, मग दुसरी रिम शोधा, यात पावसाळा संपेल. अर्थात इंग्लंडात तो संपत नाही म्हणा. मागे मुलाची सीट किंवा जड सामान लावणार असेल तर मात्र मी ३६ ची बाजू घेईन. ३२ मध्ये प्रत्येक स्पोकवर भार जास्त येतो.

डर्बीहून:

सीट नाही, फक्त ऑफिसची बॅग. ३२ वरच राहते. रिमच्या आत निपल जिथे टेकतो तिथून समोरच्यापर्यंत माप घ्यायचं ना? आज संध्याकाळी दोन जुने स्पोक कापून मोजते. आणि जेवणाच्या यादीत माझं नाव मसालेभातासमोर लिहा, मोदकांसमोर नको.