दुसरं सत्र: नुसते सराव पेपर?

वर एका ताईंचं म्हणणं आहे की नववीच्या दुसऱ्या सत्रात गॅदरिंग, प्रदर्शनं बंद करून नुसते सराव पेपर घ्यावेत. अर्धं पटलं. जानेवारी हाती लागतच नाही. गॅदरिंगच्या तालमी, मग २६ जानेवारीचं संचलन. लेकीच्या शाळेत (पुण्यातलीच, नाव नको) बीजगणिताचे तीन आठवड्यांचे तास नाचाच्या बाईंनी नेले. विचारलं तर म्हणे, भरून काढू. कुठलं काय!

पण त्याच सत्रात तिच्या गटाचं मॉडेल २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी, खोडदच्या जीएमआरटीत (नारायणगावजवळची मोठी रेडिओ दुर्बीण) गेलं. आदल्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्लू गनचे तंतू लोंबतायत, मोटर फिरता फिरत नाही, आणि चौघी भांडतायत. पहाटे बस. तिथे ४५ मीटर व्यासाच्या अँटेना पाहून आली, पण सांगत बसली ती एका आजोबांबद्दल. त्यांनी तिला तोच प्रश्न चारदा विचारला, शेवटी तिने वहीत चित्र काढून समजावलं. संध्याकाळी घसा पार बसलेला.

यंदा दहावी. मराठीच्या २० गुणांच्या तोंडीला अजिबात चाचरली नाही. बीजगणिताला मात्र अजून क्लास लावलेला आहे.