अहिराणी गाण्यांचे प्रोजेक्ट ४४.१ वर की ४८ वर? पट्टी सरकण्याच्या तक्रारींवर चर्चा

तापीकाठ, भुसावळ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे रेकॉर्ड होणारी बहुतेक अहिराणी गाणी शेवटी व्हिडिओलाच लागतात. व्हिडिओचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सॅम्पल रेट ४८: आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने. मोबाइलवर टिपलेला कानबाईच्या मिरवणुकीचा किंवा आखाजीच्या झोक्यावरच्या गाण्यांचा आवाजही बहुधा ४८ चाच. पण संगीतकाराकडून येणारे लूप (पुन्हापुन्हा वाजणारे तुकडे) आणि स्टेम (वाद्यांच्या वेगवेगळ्या फायली) बऱ्याचदा ४४.१ चे असतात. कारण सवय सीडीच्या काळाची.

ही सरमिसळ झाली आणि सॉफ्टवेअरने रूपांतर केलं नाही, तर ४४.१ ची फाइल ४८ च्या घड्याळावर १.०८८ पट वेगाने धावते. चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४०.५ सेकंदांत संपतं. पट्टी जवळजवळ दीड सूर चढते, नेमकं सांगायचं तर १.४७ सेमिटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन). काळी दोनचं गाणं पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मध्येच लटकतं, म्हणून पेटीवर ते कुठल्याच पट्टीत बसत नाही.

माझं ठाम मत: प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आत घेतानाच बदलून घ्या. क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टच्या चौकटीत रूपांतराचा पर्याय टिका, प्रो टूल्समध्ये 'अ‍ॅड' न करता 'कन्व्हर्ट' करा. नुसतं 'अ‍ॅड' केलं की वेग चुकलाच समजा.

पांझराकाठ, धुळे

भाऊ, मला हे पटत नाही. तीस स्टेम ४४.१ चे आणि आपण घालणार फक्त गळा आणि कोरस. मग एका गळ्यासाठी तीस फायली का बदलायच्या? प्रोजेक्ट ४४.१ वर ठेवा, मिक्स पूर्ण करा आणि शेवटची एकच स्टिरिओ फाइल ४८ करा. तीस रूपांतरांत एखादी फाइल सुटते, आणि दोष नेमका तिथे शिरतो. शिवाय संगीतकाराने चार दिवसांनी 'ढोलकीचा नवा टेक' पाठवला की तो पुन्हा ४४.१ चाच येणार.

आवाजाच्या दर्जाचा प्रश्न इथे नाही. आजची चांगली रूपांतरं ऐकू येईल असं काही बिघडवत नाहीत. '८८.२ चं निम्मं ४४.१ म्हणून ते जास्त स्वच्छ' हाही गैरसमज. ४८ आणि ४४.१ चं गुणोत्तर १६०:१४७ आहे, ते विचित्र दिसतं, पण फिल्टर चांगला असेल तर त्याने फरक पडत नाही.

तापीकाठ, भुसावळ

शेवटी रूपांतर करण्यातला धोका तुम्ही सांगितला नाही. मिक्सवर लिमिटर (शिखरं ठरावीक पातळीवर रोखणारं साधन) लावून उणे ०.१ डेसिबलला आणलेली फाइल ४८ केली की नमुन्यांच्या जागा बदलतात आणि काही शिखरं शून्य डेसिबलच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर जातात. २४ बिटात ती सरळ कापली जातात. संबळ आणि झांजेवर ती करकर आधी कळते.

पांझराकाठ, धुळे

तो दोष क्रमाचा आहे, रूपांतराचा नाही. मिक्स लिमिटरशिवाय ३२ बिट फ्लोटमध्ये काढा, त्यात शून्याच्या वरची शिखरं कापली जात नाहीत. मग ४८ करा. मग लिमिटर, कमाल उणे १ डेसिबल ट्रू पीक (नमुन्यांच्या मधली शिखरंही धरून मोजलेली पातळी). २४ किंवा १६ बिटांवर उतरताना डिदर (बिट कमी करतानाची विकृती झाकणारा बारीक खरखराट) अगदी शेवटी, एकदाच. रीपर सॉफ्टवेअरमध्ये रेंडरच्या (अंतिम फाइल काढण्याच्या) चौकटीत रीसॅम्पल मोड 'आर८ब्रेन फ्री' ठेवा.

गोमाईकाठ, शहादा

दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, पण 'गाणं पळतंय' या तक्रारीत प्रोजेक्ट कुठल्या रेटवर आहे यापेक्षा फाइलवरची चिठ्ठी खरी आहे का, हे आधी पाहायला हवं. फाइलच्या सुरुवातीला रेट लिहिलेला असतो. आतले नमुने ४४.१ चे आणि वर लिहिलंय ४८, अशा फाइलला 'रूपांतर' केलं तर चूक पक्की होते.

तपास असा करा. फाइल साध्या प्लेअरमध्ये वाजवा. तिथे बरोबर आणि प्रोजेक्टमध्ये चुकीची वाजली, तर दोष सेटिंगचा. सगळीकडेच चुकीची वाजली, तर दोष चिठ्ठीचा, किंवा आधीच कोणीतरी चुकीच्या वेगाने रेंडर केलंय. मग लांबी मोजा. मूळ लांबीला हातातल्या लांबीने भागून १.०८८ आलं की शंका संपली. उलट प्रकारात (४८ ची फाइल ४४.१ वर) चार मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंद भरतं. प्रोजेक्टमध्ये मिडी वाद्यं (लिहिलेल्या सूचनांवरून सॉफ्टवेअर वाजवतं ती) असतील तर खूण आणखी सोपी: ती टेम्पोवर चालतात म्हणून जागेवर राहतात, आणि फक्त ऑडिओ सुटतो.

दुरुस्तीसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं. ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतला 'रेट' फक्त चिठ्ठी बदलतो, 'ट्रॅक्स' मेनूतलं 'रीसॅम्पल' नमुने नव्याने मोजतं. चिठ्ठी चुकलेल्या फाइलला आधी 'रेट' ४४१०० करा, पट्टी पेटीशी जुळवून पाहा, मगच 'रीसॅम्पल' ४८०००. फाइल वेगाने रेंडर झालेली आणि वर ४४१०० लिहिलेलं असेल, तर 'रेट'मध्ये हाताने ४०५१७ भरा. मूळ वेग परत येतो. टाइम स्ट्रेच किंवा पिच शिफ्टने हे दुरुस्त करायला जाऊ नका. एक सेमिटोन उतरवला तरी ४७ सेंट (सेमिटोनचे शंभर भाग धरले तर ४७) उरतातच, आणि गळ्याचा पोत जातो तो वेगळाच.

गिरणाकाठ, भडगाव

यात एक वेगळा आजार मिसळू नये. तासाभराचं वहीगायन (खान्देशातलं लोकगायन) एकीकडे रेकॉर्डरवर आणि दुसरीकडे कॅमेऱ्यावर घेतलं, दोन्ही ४८ वर, तरी शेवटी ओठ आणि आवाज सुटतात. ही रेटची चूक नाही. दोन घड्याळांत दहा लाखाला ५० चा फरक असेल तर तासाला १८० मिलिसेकंद साचतात. चार मिनिटांच्या गाण्यात तो फरक १२ मिलिसेकंद, म्हणून तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी टाळी, आणि त्या दोन खुणांमध्ये ताणून बसवणं. इथे मात्र ताणणं योग्यच.

तापीकाठ, भुसावळ

गोमाईकाठ दादांचा तपास मान्य, तो आधी व्हायलाच हवा. पण माझा मुद्दा कायम. रीपरमध्ये ४४.१ ची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजवतानाच आपोआप बदलते, म्हणून सगळं ठीक वाटतं. तोच फोल्डर दुसऱ्या स्टुडिओत गेला की मूळ फायली ४४.१ च्याच निघतात आणि तिथलं सॉफ्टवेअर त्या तशाच वाजवू शकतं. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-एफने बॅच कन्व्हर्टर उघडा आणि सगळं एकदाच ४८ करा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये 'प्रोजेक्ट सॅम्पल रेट'वर टिक नसेल तर रीपर ऑडिओ कार्डाचा रेट घेतं, आणि तो दुसरं एखादं अ‍ॅप मध्येच बदलू शकतं. तेवढी टिक विसरू नका.

पांझराकाठ, धुळे

फोल्डर बाहेर जाणार असेल तर तुमचं बरोबर, तिथे मी मागे हटतो. पण तेव्हाही कापलेल्या क्लिप एकेक करून बदलू नका. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला फिल्टरची कड राहते आणि जोडावर टिकटिक येते. आधी प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकसंध करा, मग बदला. आणि काम घरातच संपणार असेल, तर तीस ट्रॅक ४४.१ वरच राहू द्या.